ओटाकू अंगदअण्णा

ड्रॅगनला वैरण काय घालतात, यावरून दिंद्रुडच्या बाजारतळावर एकदा चांगलीच जुंपली होती. एका बाजूचं म्हणणं, एवढं धूड, त्याला कडबा पुरायचा नाही, ऊसच लागेल. दुसरी बाजू म्हणे, तोंडातून जाळ निघतो म्हटल्यावर कोरडी वैरण घालून चालेल का, पेट नाही का घेणार, हिरवा घासच पाहिजे. भांडणारी पोरंसोरं नव्हती. गुराढोरांत केस पांढरे झालेली, पोराबाळांची लग्नं उरकलेली माणसं होती. मी माझ्या मेडिकलच्या काउंटरमागून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, या अंगदअण्णांना कुणीतरी आवरा रे.

अंगदअण्णा आमचे शेजारी, रिटायर्ड एसटी कंडक्टर. उभी नोकरी त्यांनी खरोखर उभ्यानंच काढली होती आणि रिटायर झाल्यावर बसायचं कसं ते त्यांना काही केल्या जमेना. जेवतानासुद्धा एक पाय उंबऱ्याकडे. सकाळी चहा झाला की निघायचे ते स्टँडवर, तिथून वडापच्या जीपमध्ये लटकून माजलगावला, माजलगावात कुणाकडे काम नाही, काही घेणं नाही, तसेच परत. जीपमध्ये माणसं जास्त कोंबली की ड्रायव्हरला झापायचे आणि मग स्वतःच "सरका, सरका, तिगांच्या जागी चौगं बसा" म्हणून आणखी दोघांना जागा करून द्यायचे. गोदाकाकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "ह्यांच्या बुडाला चाकं हायत. रात्री झोपेत बी पाय हालवतेत."

उभे राहिले की त्यांचा उजवा हात आपोआप वर जायचा, डोक्यावरचा दांडा धरल्यासारखा. गुडघे किंचित वाकलेले, अंग हलकं डुलतं. माझ्या दुकानासमोरच्या सिमेंटच्या पक्क्या रस्त्यावरही ते असेच उभे असायचे. नव्या माणसाला वाटायचं, घेतलेली दिसतेय. आणि आवाज? इंजिनाच्या वरताण बोलायची सवय, त्यामुळे ते "सूनबाई, एक क्रोसिन द्या" म्हणाले की पलीकडच्या हॉटेलातला माणूस भजी तळायचा थांबायचा. मला ते सूनबाई म्हणायचे, कारण मी शेजारच्या घरची सून. माझी डिग्री, माझं दुकान, माझा पांढरा कोट, यातलं काही त्यांच्या हिशेबी नव्हतं.

तर अशा या माणसाला त्यांच्या पुण्याच्या नातवानं रोग लावला. नातू कॉलेजात, उन्हाळ्याच्या सुट्टीत आला आणि जाताना टीव्हीला लावलेला पेन ड्राइव्ह तसाच विसरून गेला. अण्णांनी बटण दाबलं. जपानी कार्टून लागलं, खाली हिंदी अक्षरं. एक पोरगा, दिवसभर खोलीत कोंडून घेऊन चित्रांच्या गोष्टी वाचणारा, कार्टून बघणारा, घरच्यांना नकोसा झालेला. तो एका भुयारातून वेगळ्याच मुलखात जातो. तिथं ड्रॅगन, लांब कानांचे कुंभार, शिंगं असलेले शिपाई आणि कधीही न झोपणारा एक म्हातारा राजा. त्या मुलखात गोष्ट म्हणजे काय हेच माहीत नसतं कुणाला. आणि हा पोरगा, ज्याला स्वतःच्या घरात किंमत नाही, तो तिथल्या लोकांना चित्रांच्या गोष्टींचं वेड लावायला निघतो.

अण्णांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं, उभ्यानं. मग पुन्हा पाहिलं. मग नातवाला फोन लावला, तेव्हा नातवानं सांगितलं, असं वेड असलेल्या माणसाला ओटाकू म्हणतात. झालं. दुसऱ्या दिवसापासून अण्णा गावाला सांगत सुटले, "मी ओटाकू हाय." गोदाकाकू दुपारच्या सामसुमीत पदर सावरत माझ्या दुकानात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, ओटाकूवर काई गोळी आसती का? लई येरझारा घालायलेत."

गोळी नव्हती. असती तर मीच फुकट दिली असती.

कारण अण्णांना आता काम सापडलं होतं. त्या पोरानं जे केलं ते आपण दिंद्रुडात करायचं. मंडप डेकोरेशनवाला रफिक त्यांचा जुना दोस्त. आखाड लागला की लग्नं बंद, ती दिवाळीनंतर तुळशीचं लग्न होईपर्यंत. तेवढे महिने रफिकचा प्रोजेक्टर, पडदा, स्पीकर, सगळं गोदामात पडून असतं. रफिक म्हणाला, "ले जाव अण्णा. उंदरानं वायर खाल्ल्यापेक्षा तुमचा ड्रॅगन खाऊ द्या." बाजारतळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडदा लागला. बाजार गुरुवारचा, त्यामुळे बाकीच्या दिवशी शेड मोकळंच. दिवेलागण झाली की माणसं जमायला लागली. बहुतेक ऊसतोडीची. या दिवसांत ती गावातच असतात, हाताला धड काम नसतं आणि दसऱ्यानंतर कधी मुकादमाची गाडी येईल त्याकडे डोळे लागलेले असतात.

जपानी कुणाला कळत नव्हतं आणि हिंदी अक्षरं मागच्यांना दिसत नव्हती. म्हणून अण्णांनी मूळ आवाजच बंद केला आणि सगळ्यांचं सगळं स्वतः बोलायला लागले. माणसांच्या मधून वाट ठेवलेली, तिच्यातून पुढे-मागे चालत, एक हात वर धरून. राजाही तेच, ड्रॅगनही तेच, लांबकानी कुंभारीणही तेच. राजा म्हणायचा, "ए पोरा, कावून आलास बे माझ्या मुलखात?" ड्रॅगन कुरकुरायचा, "आजच्याला पाण्याच्या लई खेपा झाल्या मालक, खांदा सुजून आलाय." प्रसंग बदलला की अण्णा ओरडायचे, "चला, फुडचा थांबा राजवाडा!" आणि दोनदा टिंग टिंग करायचे तोंडानं. कुणी मधेच उठलं तर त्याला "चालत्या गाडीतून उतरू नका" म्हणून दटावायचे. मी हे सगळं कपाळाला आठ्या घालून पाहायला गेले होते. दुकान बंद करायची वेळ झाली तरी मी तिथंच उभी. आठ्या कधी गेल्या ते मलाच समजलं नाही.

लोक त्या कथेत असे शिरले की विचारू नका. कौसल्या नावाची एक तोडणीवाली बाई रोज पहिल्या रांगेत बसायची. ती पडद्यावरच्या कुंभारणीशी सरळ बोलायची. "आगं ते शिपाई खोटं बोलायलेत, नको जाऊ त्यांच्या संगं!" तिचं न ऐकता कुंभारीण गेली, तर कौसल्या दोन दिवस अण्णांवर रुसली. तुम्ही थांबवायला पाहिजे होतं, तुम्हीच बोलत होतात ना तिच्या तोंडून, असं तिचं म्हणणं.

एकदा आप्पासाहेब आले. आमच्या भागातले पुढारी, पाण्याच्या पाळीपासून पोरांच्या नोकरीपर्यंत सगळं त्यांच्या शब्दावर. भाग अर्ध्यावर आलेला आणि आप्पासाहेब चार माणसं घेऊन शेडच्या तोंडाशी उभे, मागे एकाच्या डोक्यावर खुर्च्या. लोक आपोआप उठायला लागले. अण्णा वळले आणि त्याच इंजिनाच्या आवाजात म्हणाले, "कुणी उठायचं न्हाई. गाडी फुल्ल हाय. आप्पासाहेब, उभ्यानं यायचं आसंल तर या, न्हाईतर मागून दुसरी गाडी हाय."

मला वाटलं, संपलं, उद्यापासून रफिकला कुठल्याच सभेच्या मंडपाचं काम मिळत नाही. पण आप्पासाहेबांना बहुधा त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतली एसटी आठवली असावी. हसले. कौसल्येनं अंग चोरून जागा केली आणि ते तिच्या शेजारी रिकाम्या पोत्यावर मांडी घालून बसले. तेवढ्यात पडद्यावर शिंगवाले शिपाई आणि लांबकानी कुंभार एका रांगेत चित्रं पाहायला बसले आणि राजा म्हणाला, "माझ्या मुलखात बाकडं एकच आसंल, आदी येईल त्याचं." टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी मी अण्णांना विचारलं, "हे मुळात होतं का?" तर म्हणाले, "अक्षरात न्हवतं. पन तितं जागा रिकामी दिसली, म्हून बसवलं."

आठवडाभरात आप्पासाहेबांनी स्वतःच्या फोटोचा भलामोठा बॅनर पाठवला, पडद्याशेजारी लावायला. अण्णांनी तो आनंदानं ठेवून घेतला आणि पाऊस आला की प्रोजेक्टर झाकायला वापरला. फोटोची बाजू आत. "साहेबाला पाऊस लागू नये," म्हणाले.

त्यांचा आवाज बसायला लागला तो भादव्यात. आधी मी खडीसाखर दिली, मग चोखायच्या गोळ्या, मग गुळण्यांचं औषध. रोज बोलून बोलून बसला असेल, असं सगळ्यांना वाटलं, मलाही. पण माझ्या दुकानात माणसं खोकतात, शिंकतात, कण्हतात, त्यामुळे कान थोडा तयार झालेला असतो. गणपती गेले तरी आवाज उठेना, आणि गिळताना ते मान तिरकी करायला लागले, तेव्हा मी गोळ्या द्यायच्या बंद केल्या. म्हटलं, "अण्णा, आधी बीडला जाऊन घसा दाखवा. त्याशिवाय माझ्या दुकानातून काही मिळणार नाही." लई कटकटी बाई हाय म्हणाले, पण गेले. उभ्या जन्माची तंबाखू घशात गाठ होऊन बसली होती. स्वरयंत्र काढावं लागेल, आणि लगेच, असं डॉक्टरांनी सांगितलं.

जीव वाचेल, आवाज राहणार नाही. एवढाच मामला होता. माझ्यासारखीला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. अण्णा मात्र परत आले आणि त्याच दिवशी सांजेला शेडमध्ये हजर. घोगऱ्या आवाजात पुढचा भाग. डॉक्टरांनी दिलेली तारीख त्यांनी पुढे ढकलली होती. शेवटचे तीन-चार भाग राहिले होते आणि दसरा तोंडावर होता. मुकादमाच्या गाड्या आल्या की ही माणसं जाणार, ती उन्हाळ्यातच परतणार. तोवर अण्णांचा आवाज गेलेला असणार.

मी चिडले. अशी चिडले की दुकानात गिऱ्हाईक उभं असताना त्यांना वाट्टेल ते बोलले. कार्टूनसाठी जीव द्यायला निघालात, लाज नाही वाटत, काकूंकडे बघा जरा. अण्णा काउंटरपुढे डुलत उभे होते. सगळं ऐकून घेतलं. मग पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले, आवाज होताच कुठं मोठा.

"सूनबाई, आख्खी नोकरी मी काय बोललो? सुट्टे द्या. फुडं सरका. कुटं उतरायचंय. येवढंच. घरी आलो की बोलायला काई ऱ्हायचंच न्हाई. आता कुटं ह्या नरड्यातून राजा बोलायलाय, ड्रॅगन बोलायलाय. ते आर्ध्यात कसं सोडू?"

तरी माझा राग गेला नाही.

काकूंनी पेन ड्राइव्ह उचलला आणि लपवला. अण्णांनी घर उलटंपालटं केलं, फडताळं, उशा, जुन्या पेट्या. ते आत-बाहेर करत राहिले, अंगणातून परसात, परसातून रस्त्यावर, भिंतीपल्याड मला त्यांच्या चपला ऐकू येत होत्या. शेडमधली माणसं येऊन वाट पाहून गेली. दुसरा दिवसही तसाच. तिसऱ्या दिवशी काकूंनी पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, पेन ड्राइव्ह काढला, पदराला पुसला आणि त्यांच्या हातावर ठेवला. "घ्या. बोलून घ्या एकदाचं. म्या आजून किती दिस ऐकनार हाय तुमाला." आणि त्याच संध्याकाळी, इतके दिवस एकदाही न आलेल्या काकू शेडमध्ये येऊन खांबाला टेकून बसल्या.

नेमक्या त्या वर्षी गाड्या लवकर आल्या. शेवटचा भाग बाकी आणि सकाळीच मुकादमाचे दोन ट्रक बाजारतळाला लागले. भांडी, बाजली, शेळ्या, चुलीच्या सरपणाचे भारे वर चढायला लागले. अण्णा रफिकला घेऊन भर दुपारी शेडमध्ये. रफिकनं चारी बाजूंनी लग्नातल्या कनाती बांधून अंधार केला, तरी पडद्यावर चित्र फिकं फिकं दिसत होतं. सामान तसंच अर्धवट सोडून माणसं आत आली. अण्णांची दुसऱ्या दिवशी सकाळची बीडची गाडी ठरली होती. हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं आणि म्हणाले, "चला, शेवटचा स्टाप."

थोडा वेळ आवाज टिकला. भुयार बुजत चाललंय, पोरानं आत्ताच ठरवायचंय, घरी जायचं की राजाच्या मुलखात राहायचं. इथं अण्णांच्या घशातून नुसती हवा यायला लागली. ते थांबले. खाकरले. पुन्हा हवाच. बाहेर मुकादम हॉर्न वाजवायला लागला होता.

मग अण्णा खाली वाकले आणि पहिल्या रांगेत कौसल्येच्या कानाशी काहीतरी कुजबुजले. आणि हातानं खूण केली, मागं द्या. ती खूण त्या शेडमधल्या प्रत्येकाला कळली. खच्चून भरलेल्या एसटीत कंडक्टरपर्यंत पोचता येत नाही तेव्हा आपण पैसे पुढच्याच्या हातात देतो, तो त्याच्या पुढच्याच्या, आणि तिकीट नि सुटे तसेच हातोहात मागं येतात. कुणी कुणाला ओळखत नसतं, पण तिकीट चुकत नाही. तशी गोष्ट निघाली. अण्णा कौसल्येला सांगत, ती वळून मागच्याला, तो त्याच्या मागच्याला. पुढच्या रांगा हळहळायच्या, थोड्या वेळानं मधल्या, मग शेवटच्या. पडदा एकीकडे, हुंदका दुसरीकडे. ट्रकचा ड्रायव्हर शिव्या द्यायला आत आला होता, तोही एका रांगेचं बोलणं दुसरीला देत उभा राहिला. मुकादमानं हॉर्न वाजवायचा सोडून दिला.

पण तिकीट चुकलं. मूळ गोष्टीत पोरगा भुयार बुजू देतो आणि राजाच्या मुलखातच राहतो. अण्णांनीही तेच सांगितलं, पुढच्या रांगांना तेच मिळालं. मधे कुठंतरी एका माणसाला ते पटलं नाही. मागे बसलेली सगळी तरणी पोरं, पहिल्यांदाच तोडीला निघालेली, बाजली चढवून आलेली. त्या माणसानं मागं निरोप दिला, "पोरगा आईकडं घरी गेला. ड्रॅगनवर बसून." मागच्या रांगांनी शिट्ट्या मारल्या. ट्रक हलले तेव्हा पुढच्या ट्रकात पोरगा राहिला होता आणि मागच्यात घरी पोचला होता, आणि ते भांडण म्हणे घाट उतरेपर्यंत चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी बीडच्या गाडीत अण्णांना बसवायला मी स्टँडवर गेले. मागच्यांना काय शेवट मिळाला ते सांगितलं. त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते. खिडकीतून माझ्याकडे वाकले आणि जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मागच्यायला बी काईतरी भेटलं न्हवं."

त्यांचा आवाज मी ऐकला तो तेवढाच शेवटचा.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याला भोक, त्यावर पांढरं फडकं. डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं, त्यातून खरखर आवाज आला तशी त्यांनी ते देवळीत ठेवून दिलं. माणसं भेटायला आली की आतल्या खोलीत जाऊन बसायचे. बसायचे, हे सांगताना मलाच कसंतरी होतं. हात मांडीवर, पाय हलत नसलेले. काकू म्हणाल्या, "आता घरातच आस्तेत, तर मलाच करमत न्हाई." उन्हाळ्यात ट्रक परतले. कौसल्या दोन-तीनदा दारात येऊन गेली, दार उघडलं नाही. रफिकची लग्नसराई सुरू होऊन संपली, आखाड पुन्हा लागला, प्रोजेक्टर गोदामात पडून राहिला. माणूस आतून विझला, असं मी मनाशी धरून चालले होते, आणि त्याला एका परीनं मीच दवाखान्यात लोटलं, हेही वाटायचं. पुन्हा तसा प्रसंग आला तर पुन्हा लोटेन, तरी वाटायचं.

मग एका दुपारी माझ्या मावशीकडे केजला गेले होते. परतीच्या गाडीसाठी स्टँडवर आले तर कडेच्या बाकड्यापाशी अंगदअण्णा उभे. डुलत. गळ्याचं फडकं सुटून एका बाजूला आलेलं. त्यांच्या समोर बाकड्यावर एक अनोळखी गडी बसलेला, पायाशी बियाण्याच्या पिशव्या. अण्णांचे दोन्ही हात हवेत होते. एका हातानं त्यांनी समुद्र केला. दुसऱ्या हाताची दोन बोटं त्या समुद्रावरून चालत गेली, अडखळली, बुडाली. मग डोळे मोठे करून, पदर घेतल्यासारखं करून ते काठावरून हाका मारणारी कुणी पोरगी झाले. कुठली तरी नवीन मालिका असणार, नातवानं दिलेली. ही मी पाहिलेली नव्हती. तरी मी पाच-सात पावलांवर थबकले ती तिथंच.

भोंग्यावरून माजलगावच्या गाडीचा पुकारा झाला. गाडी लागली. माणसं धावली, खिडकीतून टोप्या-रुमाल टाकून जागा धरल्या गेल्या. गड्यानं एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा अण्णांच्या बोटांकडे. बोटं अजून पाण्याखाली होती. कंडक्टरनं दार ओढलं, गाडी वळण घेऊन स्टँडबाहेर गेली. अण्णांना ते दिसलं आणि त्यांचे हात जागच्या जागी थांबले. त्यांनी गाडी गेली त्या बाजूला बोट दाखवलं, चेहरा अगदी कसनुसा झाला.

गडी वैतागला. "आवो जाऊ द्या ना गाडी, दुसरी येईल," तो म्हणाला. "ती पोरगी उडी मारती का न्हाई, ते सांगा आदी."